सोळावी चाचणी

२२ ऑक्टोबर २००९, गुरुवार

बंद होणार म्हणे!

काळूराम गुरुजी सकाळीच कागद घेऊन आले. आमच्या ओंजळ रक्तदाता मंडळाचे ते अध्यक्ष, मी सभासद क्रमांक ३. कुणालीनं केलेली मंडळाची साइट ज्या कंपनीच्या जागेवर ठेवलीय त्यांची मेल आलीय, ती गुरुजींनी छापून आणली. ३१ डिसेंबरला त्यांची जुनी यंत्रणा बंद. त्याआधी साइटचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न्या, नाहीतर साइट उघडणार नाही.

शहापूर आणि मुरबाड, दोन तालुक्यांतले सहाशे त्रेचाळीस रक्तदाते आहेत त्या साइटवर.

"कल्याणचा एकजण करून देतो म्हनतो," गुरुजी म्हणाले. "पण जुनं काढून टाकायचं आन् सगळं नवीन बसवायचं."

"आणि कुणालीनं लिहिलेलं?"

"ते नव्यात चालनार नाय म्हनतो."

मी म्हटलं, मी करते.

गुरुजी बघतच राहिले. मला तरी कुठे माहीत होतं मी असं म्हणणार आहे! रिटायर झालेली नर्स मी. सुई धरायचा हात. पण कोणी परका येऊन माझ्या मुलीचं लिहिलेलं पुसणार — नाही. तिचं आता आणखी काही जायला नको.

२३ ऑक्टोबर

कुणालीच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. अडीच वर्षांनी — ती घर सोडून गेली तेव्हा घातलेलं. नेटचं कनेक्शन मी कधी बंद केलं नव्हतं. का केलं नव्हतं ते माझं मला माहीत.

नोकरी टिकवायला पंचावन्नाव्या वर्षी एमएस-सीआयटी केलं होतं. शिकवलं तिनंच. "आई, माउस आहे तो, इंजेक्शन नाही, एवढा घट्ट धरू नको." आजही घट्टच धरते.

कळलं तेवढं लिहून ठेवते. साइटचं मूळ सॉफ्टवेअर एक. त्याला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम — प्लगइन. आपल्याकडे तीन. पहिला सभासदांची नोंद ठेवतो, ज्याचं त्याला लॉगिन देतो. दुसरा मोबाइलवर मेसेज पाठवतो आणि आलेलं उत्तर टिपून ठेवतो. तिसरा कुणालीनं स्वतः लिहिलेला. रक्त लागलं की गट आणि रुग्णाचा तालुका भरायचा. मग तो सभासदांतून त्या गटाचे, रक्त देऊन तीन महिने झालेले तेवढेच निवडतो. निगेटिव्ह गट असेल तर दोन्ही तालुके धरतो. मूळ सॉफ्टवेअर बदललं की हे तिघं त्याच्याशी जुळतील याचा भरवसा नाही. सगळी भीती तीच.

तिचा एक नियम होता. मेसेजमध्ये रुग्णाचं नाव जाणार नाही. पहिल्या मीटिंगला कोणीतरी म्हणालं होतं, "पेशंट कोनाचा ते तरी कळाया पायजे ना?" कुणालीनं विचारलं, "का?" मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

२७ ऑक्टोबर, मंगळवार

घाई केली. घाई!!

साइटच्या आत गेलं की वर एक पट्टी येते — नवी आवृत्ती आली आहे, इथे दाबा. दाबलं. वाटलं, एवढंच तर आहे. थोडा वेळ काही काही चाललं आणि मग पांढरं. नुसतं पांढरं पान. ना सभासद, ना यादी.

अर्ध्या तासात गुरुजींचा फोन — "कमळताई, साइट उघडत नाय." आत्ता या घटकेला कुणाला रक्त लागलं तर?

जगनला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जगन — कुणालीचा नवरा. मुरबाडला लॅबमध्ये कामाला, तिथला कॉम्प्युटरही तोच सांभाळतो. माझा जावई, म्हणायचं तर. आजवर म्हटलेलं नाही. फेब्रुवारीत बाळंतपणात कुणाली गेली, तिच्या दहाव्यानंतर त्याच्याशी एक शब्द नाही. मुलगी वाचली. ती त्याच्याकडे, म्हसा गावाच्या अलीकडे त्यांच्या वाडीवर. त्याची आई तानी सांभाळते. मी कल्याणच्या दवाखान्यात काचेतून एकदा बघितलं होतं तिला.

"जगन, मी कमळ सिस्टर बोलतेय."

"बोला सिस्टर."

सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "आधी बॅकअप घेतला व्हता का?"

"नाही."

रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत त्यानं कंपनीकडून रविवारची नक्कल परत बसवून घेतली. साइट उघडली. सोमवारी नोंदवलेले तीन नवे सभासद मात्र गेले. खर्डीचे दोघं, किन्हवलीची एक बाई. गुरुजींना नावं आठवत होती म्हणून बरं.

सहा तास साइट बंद होती. सहा तास!

२८ ऑक्टोबर

झोप नाही. कोणी मेलं नाही हे माझं नशीब. माझ्या हुशारीनं नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

जगन आला. माझ्या घरी नाही — गुरुजींच्या घरी. मीच तसं सांगितलं होतं.

वाळलाय. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटलीय. वही काढली आणि कामाचा क्रम लिहायला लागला, माझ्याकडे न बघता. आधी सगळ्या फायली आणि सगळी माहिती उतरवून घ्यायची, दोन ठिकाणी ठेवायची. मग साइटची एक नक्कल करायची, सभासदांना न दिसणारी. जे काय मोडायचं ते त्या नकलेत मोडायचं. सगळं जुळलं की मगच खऱ्या साइटला हात लावायचा.

"सिस्टर, रक्त चढवायच्या आधी आपन काय करतो? थेंबभर घेऊन जुळवून बघतो. हे तसंच."

आपण म्हणाला.

गुरुजींच्या सुनेनं पाणी आणलं. त्यानं पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि त्यातलं प्यायला.

५ नोव्हेंबर

फायली उतरवतेय. अर्ध्यावर आल्या की लाइट जाते. पुन्हा पहिल्यापासून. आज तिसऱ्यांदा. चौथ्यांदा बसते.

६ नोव्हेंबर

उतरल्या! सगळ्या! एक सीडी माझ्या कपाटात, एक गुरुजींच्या. जगनला फोन केला. म्हणाला, "उघडून बघितल्या का? नुसत्या उतरवून व्हत नाय, उघडतात का ते बघायचं." बघितल्या. उघडतात.

फोन ठेवताना मागे पोरीचा आवाज आला. काहीतरी आपटत होती. मी विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

नक्कल तयार झाली. हुबेहूब साइट, पण पत्ता वेगळा. त्यात जगननं पहिलं काम काय केलं, तर सगळ्या सभासदांचे मोबाइल नंबर काढून त्या जागी माझा नंबर घातला. नकलेतून चुकून मेसेज सुटला तर खऱ्या माणसांना जायला नको. कोणी बिचारा काम टाकून कल्याणला पळत जायचा!

मग तिन्ही प्लगइन बंद केले. मूळ सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेलं. उघडलं. मग एकेक चालू करत गेलो. सभासदांचा — त्याची नवी आवृत्ती आधीच निघालेली होती, ती बसवली, चालला. मेसेजचा — चालला. कुणालीचा —

पांढरं.

तिचाच तेवढा.

२२ नोव्हेंबर, रविवार

तिच्या प्लगइनची फाइल जगननं उघडली. मला त्यातलं काही कळत नाही, पण मधेमधे तिनं स्वतःसाठी टिपणं लिहिलीत. इंग्रजी अक्षरांत मराठी. जगन वाचून दाखवत होता. 'इथं गडबड आहे, उद्या बघू.' 'मुरबाडची यादी आधी.' आणि एका जागी — 'आईला विचारलं. महिने नको, दिवस मोज. ९० दिवस.'

मला आठवलं. मी भाकऱ्या करत होते आणि ती दारातून ओरडून विचारत होती.

जगननं वाचणं थांबवलं. खिडकीतून रस्त्याकडे बघत बसला. एकाच माणसासाठी रडतोय आणि एकमेकांकडे बघायची सोय नाही.

नंतर दोष सापडला. जुन्या सॉफ्टवेअरची एक सोय तिनं वापरली होती, ती नव्यात काढून टाकलीय. तिच्या जागी दुसरं नाव आहे. जगन एका ठिकाणी जाणकारांना विचारणार आहे.

"म्हणजे कुणालीचं चुकलं नव्हतं?"

"नाय सिस्टर. तिचं काय चुकलं नव्हतं."

२७ नोव्हेंबर

दोन ओळी बदलल्या. दोनच! जगननं त्याच्याकडे केलं, मला फोनवर सांगितलं, मी इथून उघडलं — तिचा प्लगइन नव्या सॉफ्टवेअरवर चालला. यादी आली. मी ओरडलेच. शेजारची विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला काय सांगू!

२९ नोव्हेंबर, रविवार

गुरुजी लग्नाला गेलेत. जगनला म्हटलं, माझ्याच घरी ये.

उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून उभा राहिला. "ये ना." तरी उभा. पुन्हा म्हटलं तेव्हा आला. कॉम्प्युटरपाशी बसला, पिशवी पायाशी ठेवली, बाटली बाहेर काढली.

कुठे तोंड लपवू असं झालं.

आज लिहूनच टाकते. कुणालीनं जेव्हा सांगितलं की जगनशी लग्न करायचंय, तेव्हा मी काय म्हटलं होतं. तीस वर्षं मी त्या आदिवासी वाड्या-पाड्यांवर गेले. त्यांच्या घरात बसले, त्यांच्या मडक्यातलं पाणी प्यायले, त्यांच्या बायकांची बाळंतपणं केली. लोक म्हणायचे, कमळ सिस्टर भेदभाव करत नाही. आणि मुलीला मी म्हटलं — "ठाकरांच्या वाडीवर मी सुया टोचायला जाते, सोयरीक करायला नाही." जगन तेव्हा याच ओट्यावर बसला होता. त्यानं ऐकलं. कुणाली माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं होतं तू वेगळी आहेस." आठवड्यानं ठाण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. पुन्हा या घरात आली नाही.

मी चहा केला. त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "जगन, पी. माझ्यासाठी पी."

प्यायला. निवलेला होता तरी सगळा प्यायला.

६ डिसेंबर, रविवार

आता चाचण्या. जगन म्हणतो, एक चालली म्हणून सगळ्या चालतील असं धरायचं नाही. रक्ताचे आठ गट, दोन तालुके — सोळा मागण्या. नकलेत प्रत्येक मागणी भरायची, बरोबर माणसं निवडली जातात का जुन्या यादीशी ताडून बघायचं, आणि मेसेज माझ्या मोबाइलवर येतो का बघायचं. या मी आठवड्यात करायच्या. पुढच्या रविवारी तो येऊन बघेल, मग खरी साइट.

३१ तारखेलाच म्हशाची जत्रा सुरू होते. त्या गर्दीत काय ना काय लागतंच. त्याच्या आत सगळं झालंच पाहिजे.

८ डिसेंबर

ओ पॉझिटिव्ह, शहापूर — एकशे बारा मेसेज! मोबाइल तापला. शेवटी जगननं यादीतल्या पहिल्या दहांनाच मेसेज सुटेल अशी सोय नकलेपुरती करून दिली.

आज पाच झाल्या. सगळ्या बरोबर.

१० डिसेंबर

अकरा झाल्या. ए पॉझिटिव्ह मुरबाडमध्ये एक माणूस जास्त येत होता. शोधलं तर त्याची शेवटच्या रक्तदानाची तारीखच भरलेली नव्हती. चूक नोंदीची, प्लगइनची नाही. त्याला फोन करून तारीख विचारून घेतली.

१२ डिसेंबर

पंधरा झाल्या. एक राहिली.

१३ डिसेंबर, रविवार

जगन आला नाही. पोरीला ताप. दुपारी त्याच्या नंबरवरून फोन — पण बोलणारी तानी.

"बाय, पोरीचा ताप उतरत नाय गो. जगन मुरबाडला गेलाय औषदाला."

मी नर्स झाले. श्वास कसा चालतोय? पितेय का? लघवी कधी झाली? अंगावरचे कपडे कमी कर, कोमट पाण्यानं पुसत राहा, थंड पाणी वापरू नको, दूध पाजत राहा. दर तासाला फोन केला. पाच वाजता तानी म्हणाली, "घाम आला बाय. हसतेय आता."

हसतेय.

"नाव काय ठेवलंय?" दहा महिन्यांनी विचारलं मी.

"हर्षाली. कुणालीनंच ठरवून ठेवलं व्हतं. तुमाला म्हाईत नाय?"

१४ डिसेंबर

जगननं विचारलं, "सोळा झाल्या का?" मी म्हटलं, एक राहिलीय, करते. "कंची राहिली?" म्हटलं, करते ना!

१५ डिसेंबर, मंगळवार

केली.

बी निगेटिव्ह. मुरबाड.

टेबलावरचा मोबाइल थरथरला. एकामागून एक नऊ मेसेज. दोन्ही तालुक्यांत मिळून बी निगेटिव्ह आम्ही नऊच. 'बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवे. रुग्ण मुरबाडचा. कल्याणला यावे. येणार असाल तर १, नसाल तर २ पाठवा.' चाचणी बरोबर. नऊच्या नऊ.

हे कोणाला सांगितलेलं नाही. कोणालाच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी दोन वीस. मी मेथी निवडत बसले होते. हाच मेसेज आला. अक्षर न् अक्षर हाच. मुरबाडचा रुग्ण म्हणजे सोबत जगन असणार, हे मला ठाऊक होतं. तिकडच्या प्रत्येक रुग्णाबरोबर तोच जातो. त्याचं तोंड बघायचं नव्हतं मला. कुणालीचा गटही हाच, पण ती बाळंत व्हायची आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणखी आठजण आहेत, म्हटलं, जाईल कोणीतरी. दोन सव्वीसला मी २ पाठवला. आणि मेथी निवडली.

पावणेसहाला गुरुजींचा फोन आला. मी पोचले तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. बाजूला कोणीतरी सांगत होतं, बी निगेटिव्हच्या दोन बाटल्या मिळाल्या, तिसरी मिळाली नाही.

नाव नसतं ना मेसेजमध्ये. नाव असतं तर मी धावत गेले असते. आणि दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर? तर आज मला आठवलंही नसतं की मी २ पाठवला होता. हे जास्त वाईट आहे. हे कळायला मला माझीच मुलगी घालवावी लागली.

हिशेब मी रोज करते. मला करता येतो, हेच दुर्दैव. दोन सव्वीसला निघाले असते तर रिक्षानं आसनगाव, तिथून गाडीनं कल्याण — पावणेचार. रक्त काढून, तपासून, जुळवून सव्वा तास. पाच. ती गेली पाच दहाला. कधी वाटतं, पोचलं असतं. कधी वाटतं, इतकं रक्त गेल्यावर एका बाटलीनं काय होतं! दोन्ही मीच म्हणते, दोन्ही मीच खोडते.

तीस वर्षांत माझ्या हातची एकही बाळंतीण रक्त जाऊन गेली नाही. एकही नाही.

१६ डिसेंबर

मेसेजचा प्लगइन प्रत्येकाचं उत्तर टिपून ठेवतो. त्या पानावर मी आजवर गेलेले नाही. जगननं ते कधी उघडलं असेल? उघडलं असतं तर तो माझ्या दारात पाय ठेवता ना. माझ्या हातचा चहा प्यायला नसता. म्हणजे त्याला माहीत नाही.

त्याला सांगायला हवं. आधी साइट होऊ दे. मग.

२० डिसेंबर, रविवार

सभासदांना आठवडाभर आधी कळवलं होतं — रविवारी सकाळी सात ते नऊ साइट बंद, रक्त लागल्यास गुरुजींना फोन करा. सगळी यादी कागदावर छापून गुरुजींच्या आणि माझ्या हातात. पहाटेच ताजा बॅकअप घेतला. उघडूनही बघितला.

सातला सुरू केलं. प्लगइन बंद. मूळ सॉफ्टवेअर वर नेलं.

सात चाळीसला गुरुजींचा फोन — खर्डीचा माणूस, ट्रॅक्टरखाली पाय, ए पॉझिटिव्ह पाहिजे! साइट तर उघडी पडलेली, अर्धी खोलून ठेवलेली. मी कागद घेतला. चौथ्या फोनला एकजण म्हणाला, "निघतो." सातव्याला दुसरी, सोगावची बाई. दोघं मिळाले. जगन मान वर न करता काम करत होता. मी फोन ठेवला तेव्हा एवढंच म्हणाला, "कागद व्हता म्हनून."

आठ पस्तीसला पहिला प्लगइन चालू. आठ बेचाळीसला दुसरा. मग तिचा. जगननं माउस माझ्या हातात दिला. "तुमी करा."

आली. यादी आली. सहाशे सेहेचाळीस सभासद.

तेव्हाच सांगणार होते त्याला. तो हसत होता. हसताना मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. नाही सांगितलं.

२४ डिसेंबर

नव्या साइटवरून पहिली खरी मागणी. ओ निगेटिव्ह, शहापूर. सात मेसेज गेले, चौघांची उत्तरं आली, दोघं पोचले. रुग्ण कोण ते मला माहीत नाही. बरा आहे एवढं गुरुजींकडून कळलं.

२७ डिसेंबर, रविवार

आता रविवारी येण्याचं कारण उरलं नाही. तरी दहाला बाहेर जाऊन रस्त्याकडे बघितलं.

२९ डिसेंबर

दोनदा फोन लावला, दोनदा ठेवला. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. वाडीवर जायचं. आयुष्यात पहिल्यांदा औषधांची पेटी न घेता.

हर्षालीसाठी काय न्यावं? काही नेऊ नये. आधी सांगावं. मग त्यानं हाकललं तर रिकाम्या हातानं परत यावं.

३१ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. वाडीवर, त्यांच्या ओट्यावर बसून सगळं. दोन वीस, दोन सव्वीस, २.

जगन म्हणाला, "मला म्हाईत हाय सिस्टर. त्या दिवशी उत्तरं मीच बघत व्हतो."

"मग तू येत कसा होतास माझ्याकडे?"

तो म्हणाला, "कुणाली सारखी इचारत व्हती, आईला मेसेज गेला ना, तिचं काय उत्तर आलं? मी सांगितलं, १ आलाय. निघाल्यात. गाडीत बसल्या. तवापासून ती दाराकडंच बघत व्हती. घाबरली नाय मग."

तिच्या लेखी मी वाटेत होते.